शाळेचं गणित पुरेनासं झालं, तर

वर्गात एखादी मुलगी असते, जिचा सरावसंच सगळ्यांच्या आधी संपतो. ती वही मिटून बसते, खिडकीबाहेर बघते, शेजारणीला उत्तर सांगते आणि बोलणी खाते. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. कापूस वेचणीला आला की वर्ग निम्मा रिकामा होतो. मोठ्या शहरातले क्लास इथे नाहीत. तरीही शाळेपलीकडचं चांगलं, अवघड गणित इथे बसून करता येतं, हे मी माझ्या मुलांबरोबर पाहिलं आहे.

मुलांनो, पहिली गोष्ट ठरवून घ्या: तुम्हाला पुढचं गणित हवं आहे की खोल गणित? गणितात हुशार मूल दिसलं की घरचे, शेजारचे, क्लासवाले एकच सुचवतात. आठवीत असेल तर दहावीचं करून घ्या, दहावीत असेल तर अकरावीचं सुरू करा. याला मी मनापासून विरोध करते. दहावीची सूत्रं आठवीत पाठ केली, तर दोन वर्षांनी तेच गणित पुन्हा समोर येतं आणि तुम्ही पुन्हा खिडकीबाहेर बघता. शिवाय पुढच्या इयत्तेची उदाहरणंही शेवटी उदाहरणंच असतात: सूत्र दिलेलं, आकडे घालायचे, उत्तर मागे छापलेलं. तुमची भूक वेगळी आहे. कसं सोडवायचं ते कुणी सांगितलेलंच नाही, असं गणित तुम्हाला हवं असतं. त्यासाठी पुढच्या इयत्तेचं ज्ञान बहुतेक वेळा लागतच नाही.

म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते.

आमच्याच रेल्वेमार्गावर, नाशिकजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. संख्यांशी खेळणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. 1949 मध्ये त्यांनी 6174 या संख्येचा गुणधर्म शोधला आणि आज जगभर ती कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. त्याचा तीन अंकी भाऊ आपण घेऊ. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, फक्त तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. 521 घेतली, तर 521 − 125 = 396. मग 963 − 369 = 594. मग 954 − 459 = 495. आणि 495 वर पुन्हा तेच केलं तर पुन्हा 495.

इथपर्यंत कुणीही येतं. चार-पाच संख्या करून बघितल्या, प्रत्येक वेळी 495 आलं, गंमत वाटली, वही मिटली. खोल जाण्याची सुरुवात पुढच्या प्रश्नाने होते: *प्रत्येक* संख्येला हे होतंच कशावरून? सगळ्या संख्या तपासायला बसणार का?

बसायची गरज नाही. उतरत्या क्रमातले अंक a, b, c माना. मोठी संख्या 100a + 10b + c, लहान 100c + 10b + a. वजाबाकी केली की b निघूनच जातो आणि उरतं 99(a − c). आता a − c ची किंमत 1 ते 9 यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे कुठलीही संख्या घेतलीत, तरी पहिल्या पायरीनंतर तुम्ही या नऊ संख्यांपैकी एकीवर असता: 099, 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. शेकडो संख्यांचा प्रश्न नवांवर आला! आता या नऊ हाताने तपासा. 099 वरून 891, तिथून 792, मग 693, मग 594, मग 495. बाकीच्या सगळ्या याच रांगेत कुठे ना कुठे येऊन मिळतात. सिद्धता पूर्ण झाली, आणि जास्तीत जास्त सहा पायऱ्या लागतात हेही फुकटात कळलं.

यात आठवीच्या बीजगणितापलीकडचं काहीही नाही. तरी हे खरं गणित आहे, कारण यात कुणी न सांगितलेला विचार तुम्हाला करावा लागला. चार अंकांसाठी हाच रस्ता धरा. तिथे वजाबाकी 999(a − d) + 90(b − c) अशी येते आणि शक्यता नऊ नव्हे, 54 होतात. रविवारची दुपार काढा आणि 6174 पर्यंत जाऊन या.

हातातल्या पुस्तकापासून सुरुवात

नवीन पुस्तक मागण्याआधी बालभारतीचं पुस्तक संपवा, आणि संपवा म्हणजे संकीर्ण प्रश्नसंग्रहातलं शेवटचं उदाहरणसुद्धा. भूमितीच्या पुस्तकात काही प्रश्नांना तारका दिलेली असते. परीक्षेला येत नाहीत म्हणून ते वर्गात पुष्कळदा राहून जातात. ते गाइड न उघडता सोडवा. भूमितीतलं प्रत्येक प्रमेय पुस्तक बंद करून स्वतः सिद्ध करता येतं का बघा. ते येत नसेल, तर शाळेचं गणित अजून पुरतं आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, तिथेच थोडं थांबा.

ते झालं की पुस्तकातल्या प्रश्नाला स्वतःच मोठं करायला शिका. दहावीच्या अंकगणिती श्रेढीत क्रमागत संख्यांची बेरीज काढायला सांगतात. तुम्ही उलटं विचारा: कोणत्या संख्या दोन किंवा अधिक क्रमागत नैसर्गिक संख्यांच्या बेरजेने मिळतात? 9 मिळते, तीही दोन प्रकारे: 4 + 5 आणि 2 + 3 + 4. 15 तीन प्रकारे मिळते. 8 काही केल्या मिळत नाही. 1 ते 40 पर्यंतचा तक्ता करा, न मिळणाऱ्या संख्यांभोवती गोल काढा, आणि मग त्याच का, हे सिद्ध करा. उत्तर मी इथे लिहीत नाही. ते तुमचं तुम्हाला सापडण्यात जो आनंद आहे, तो माझ्याकडून हिरावला जाऊ नये.

अडलेल्या गणितांची वही

एक वेगळी वही करा. तिच्यात सुटलेली गणितं लिहायची नाहीत. न सुटलेलीच लिहायची. एका पानावर एक गणित, वर तारीख, खाली काय काय करून पाहिलं आणि ते कुठे अडलं. लहान आकडे घालून पाहिले का? आकृती काढली का? उत्तर माहीत आहे असं धरून मागे येऊन पाहिलं का? हे सगळं त्या पानावर राहू द्या. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी परत त्या पानावर या.

वर्गात दहा मिनिटांत गणित सुटलं नाही की मुलांना वाटतं, आपल्याला येत नाही. शाळेच्या परीक्षेमुळे ही सवय लागते, कारण तिथे वेळ मोजलेला असतो. अवघड गणिताला एक आठवडा लागणं अगदी साधी गोष्ट आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने भूमितीचं एक गणित दिवाळीच्या सुट्टीआधी वहीत लिहिलं आणि सुट्टीनंतर सोडवून आणलं. तिने ज्या पद्धतीने ते सोडवलं, ती मला सुचलेली नव्हती. त्या दिवशी फळ्यावर तिने शिकवलं आणि मी बाकावर बसले.

उत्तर बघायचं कधी? खूप प्रयत्न झाल्यावर, आणि तेही पूर्ण नाही. पहिली ओळ वाचा, पुस्तक मिटा, पुन्हा बसा. शेवटी सगळं वाचावं लागलंच, तर दुसऱ्या दिवशी न बघता ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. नुसतं वाचून "कळलं" म्हणणारी मुलं पुढच्या आठवड्यात तिथेच अडतात.

पुस्तकं आणि मोबाइल

पुस्तकं फार नकोत. एक घ्यायचं तर कृष्णमूर्ती, प्राणेशाचार, रंगनाथन आणि वेंकटाचल यांचं 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथमॅटिक्स' घ्या. नववी-दहावीपासून बारावीपर्यंत पुरतं. त्याआधी, सातवी-आठवीत असाल, तर 'मॅथेमॅटिकल सर्कल्स' हे फोमिन, गेन्किन, इटेनबर्ग यांचं पुस्तक मला जास्त आवडतं. रशियात मुलांची गणित मंडळं भरत, त्या अनुभवातून ते तयार झालं आहे. समता-विषमता, विभाज्यता, मोजणी असे विषय त्यात अगदी सोप्या कोड्यांपासून सुरू होतात. शाळेच्या ग्रंथालयाकडे मागणी करा. मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला मुलांनीच जावं, शिक्षकांच्या मागणीपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

घरात एखादा मोबाइल असेल, तर फुकट मिळणारं पुष्कळ आहे. केंब्रिज विद्यापीठाचं 'एनरिच' हे संकेतस्थळ मी सगळ्यात वर ठेवते. तिथले प्रश्न पहिलीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. सुरुवात कुणालाही करता येईल आणि शेवट मात्र भल्याभल्यांना दमवेल, अशी त्यांची रचना असते. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'अ‍ॅट राइट अँगल्स' हे शालेय गणिताचं नियतकालिक संगणकावर मोफत वाचता येतं. 'आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' या संकेतस्थळावर 'अल्क्युमस' नावाची प्रश्नांची सोय आहे. तुम्ही बरोबर सोडवत गेलात, की ती प्रश्न अवघड करत जाते.

हे सगळं इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला पहिल्या पानावरच धडकी भरते. पण गणिताची इंग्रजी फार थोडी असते. विभाजक, अवयव, शेष, मूळ संख्या, अंतर्लिखित वर्तुळ, स्पर्शिका असे शे-दीडशे शब्द वहीच्या मागच्या पानांवर दोन रकान्यांत लिहून काढा. बालभारतीची इंग्रजी माध्यमाची गणिताची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. तोच धडा शेजारी शेजारी ठेवून वाचला, की हे शब्द आपोआप सापडतात. विचार मात्र मराठीतच करा, सिद्धताही आधी मराठीत लिहा.

परीक्षा: कोणत्या, आणि कशासाठी

शिष्यवृत्ती परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. ती द्यावी, पण ती वेगाची परीक्षा आहे. गणित अध्यापक महामंडळाच्या गणित प्राविण्य आणि गणित प्रज्ञा या परीक्षांमध्ये थोडा जास्त विचार लागतो आणि त्या मराठीत देता येतात. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची बीएमटीएससी ही स्पर्धा आहे. हे प्रतिष्ठान थोर गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापन केलं, आणि ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या कित्येक मुलांना तिथे मार्गदर्शन मिळालं आहे. पुण्यात किंवा जवळपास राहत असाल तर तिथे चौकशी कराच.

आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी मोठा रस्ता म्हणजे गणित ऑलिंपियाड. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे ऑलिंपियाडची पात्रता परीक्षा. अलीकडच्या वर्षांत तिचं स्वरूप असं आहे: तीन तास, 30 प्रश्न, 100 गुण, आणि प्रत्येक उत्तर 0 ते 99 मधली एक पूर्ण संख्या. पर्याय नसतात, त्यामुळे अंदाजाने खूण करून भागत नाही. त्यातून निवडलेली मुलं आरएमओला, म्हणजे प्रादेशिक ऑलिंपियाडला बसतात, त्यापुढे आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय ऑलिंपियाड. तिथे प्रश्न मोजके, सहाच, पण प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहायची. मग प्रशिक्षण शिबिर, आणि शेवटी भारताचा सहा जणांचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जातो. भारत 1989 पासून त्यात भाग घेतो. 1996 मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली होती, आणि 2024 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे आपल्या संघाने चार सुवर्णपदकं घेऊन चौथा क्रमांक मिळवला. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड ही वेगळी स्पर्धाही आहे आणि तिथेही भारताच्या मुली जातात. मुलींच्या आईवडिलांना हे मी मुद्दाम सांगते, कारण दहावीनंतर मुलीचं गणित बंद करायचा विचार पहिला घरातच होतो.

अर्ज कधी, वयाची अट काय, केंद्र कुठलं, हे दरवर्षी जूनपासून गणित शिक्षक संघटनेच्या, म्हणजे एमटीएच्या संकेतस्थळावर आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर बघत राहा. भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळतात. या परीक्षांना कलन (कॅल्क्युलस) लागत नाही. संख्यांचे गुणधर्म, बीजगणित, भूमिती आणि मोजणी, एवढ्या चारच प्रांतांत सगळं येतं.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगते. बहुतेक मुलं आयओक्यूएमच्या पुढे जात नाहीत. माझ्या शाळेतूनही फार कुणी गेलेलं नाही. पण त्या तयारीत ज्यांनी दोन वर्षं घालवली, त्यांचं लिहिणं, बोलणं, "हे कशावरून?" विचारणं सगळं बदललं. परीक्षा ही जुन्या प्रश्नपत्रिका हाती येण्याची सोय समजा. आणि आयओक्यूएमची रोज एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवण्यापेक्षा आरएमओचा एक प्रश्न तीन दिवस चघळा.

सोबत

एकट्याने हे फार दिवस होत नाही. चार-पाच जण जमवा, वेगवेगळ्या इयत्तांतले असले तरी चालेल. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसतात. नियम थोडेच: एका बैठकीला एकच गणित, फळ्यावर ज्याला अर्धवट सुचलंय त्याने जायचं, आणि पूर्ण उत्तर आधीच माहीत असलेल्याने गप्प राहायचं. शिक्षकाला उत्तर येत असलंच पाहिजे असं नाही, आणि ही गोष्ट शिक्षकांनीही मनावर घ्यावी.

पहिल्या काही शनिवारांसाठी गणितं देते. 1 ते 100 मधून कोणत्याही 51 संख्या उचलल्या, तर त्यांत दोन क्रमागत संख्या असतातच, का? समभुज त्रिकोणाच्या आत कुठेही बिंदू घेऊन तिन्ही बाजूंवर लंब टाकले, तर त्या लंबांच्या लांबींची बेरीज बिंदू हलवला तरी बदलत नाही, का? (क्षेत्रफळाचा विचार करा.) आणि एक आमच्या भागातलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलं आहे: 3, 9, 8 हे अंक घेऊन किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? सहा संख्या, बेरीज 4440, हे मांडून कुणालाही काढता येईल. मग ते विचारतात, 2 ते 9 हे सगळे आठ अंक घेतले तर? आता संख्या 40,320 होतात. मांडून बेरीज करणं शक्य नाही, प्रत्येक अंक प्रत्येक स्थानावर किती वेळा येतो ते मोजायला लागतं. ज्याला आज ऑलिंपियाडचं गणित म्हणतात, ते हेच.

चाळीसगावपासून जवळच, पाटणादेवीच्या डोंगराशी असलेल्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि त्या मठाला शके 1128 मध्ये दान मिळालं, याची त्यात नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला जे मिळे, ते मठाला दिलं, असं त्यात लिहिलं आहे. गणित शिकवण्याचा खर्च बाजारपेठेने उचलला होता. म्हणून ग्रामपंचायतीकडे, पतसंस्थेकडे, गावातल्या दुकानदाराकडे चार पुस्तकांचे आणि परीक्षेला जाण्याच्या गाडीभाड्याचे पैसे मागताना मी संकोचत नाही. पालकांनीही संकोचू नये.

आणि मोठ्या माणसाची गरज पडली, तर जवळच्या वरिष्ठ महाविद्यालयाच्या गणित विभागाला पत्र लिहा. "मला मार्गदर्शन करा" एवढंच लिहू नका, त्याला उत्तर देणं अवघड जातं. अडलेल्या वहीतलं एक पान उतरवून पाठवा: हे गणित, हे मी करून पाहिलं, इथे अडलो. सोबत इयत्ता, शाळेचं नाव आणि शाळेचा फोन नंबर द्या. प्राध्यापकांना असं पत्र क्वचितच येतं. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर पालकांना किंवा शिक्षकांना सोबत घेऊन, वही बरोबर घेऊन, स्वतः जाऊन भेटा.